नववीसाठी शासकीय शाळा निवडायची आहे: निकाल बघू की आणखी काही?

मृद्गंध | 11 जून 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. इथे बरेच इंदूरकर आहेत, काही जण शिक्षक आहेत, म्हणून लिहितेय. जरा लांबेल.

आमच्याकडे नऊ वर्षांपासून कामाला येणाऱ्या ताई खरगोनकडच्या आहेत. त्यांची मोठी मुलगी यंदा आठवी पास झाली. पहिलीपासून ती एका खासगी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) जागेवर होती, म्हणजे 25 टक्के राखीव जागांवर, फी शासनाकडून. आठवीचा निकाल लागला आणि शाळेने सांगितलं की नववीपासून पूर्ण फी भरा. ताईंची समजूत होती की बारावीपर्यंतची काळजी मिटली. माझीही तीच होती आणि याचं मला फार वाईट वाटतंय, कारण पहिलीचा अर्ज मीच भरून दिला होता. 2009 चा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे, आठवीला तो संपतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता घरापासून चालत जाता येईल अशा दोन शासकीय शाळा आहेत. नावं मुद्दाम लिहीत नाही, अ आणि ब म्हणू. अ शाळेचा दहावीचा निकाल नव्वदीच्या घरात, गेटवर मोठा फ्लेक्स लागलाय. ब शाळेचा साठीच्या पुढे जेमतेम. गल्लीतल्या प्रत्येकाने 'अ' सांगितलं, आणि ब शाळेबद्दल एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, 'तिथे कशी मुलं येतात माहीत आहे ना?' हे वाक्य मला टोचलं. ताईंची मुलगीच त्या 'कशी मुलं' मध्ये मोडते.

माझा प्रश्न असा. शाळा कशी शिकवते हे त्या टक्क्यावरून कळतं का? आणि तिथे कोण मुलं येतात याचा त्या टक्क्याशी काय संबंध लावायचा? प्रवेशाला आठवडाभर आहे. मुलगी हुशार आहे, पण आजवर इंग्रजी माध्यमात शिकली आणि आता हिंदी माध्यमात जाईल, ही वेगळीच धास्ती.

लोकमान्यनगरी | 11 जून 2025, रात्री 10:15

बाल विनय मंदिर का नाही बघत? जिल्ह्याची उत्कृष्ट शाळा आहे, निकाल दर वर्षी छान असतो.

मृद्गंध | 11 जून 2025, रात्री 10:22

विचारून आले. 'उत्कृष्ट' आणि 'मॉडेल' या प्रकारच्या शासकीय शाळांत नववीचा प्रवेश परीक्षा घेऊन होतो आणि ती परीक्षा होऊन गेली. आम्हाला आरटीई संपतंय हेच एप्रिलमध्ये कळलं.

प्राजक्त | 11 जून 2025, रात्री 11:05

तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळालं बघा. परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळेचा निकाल आणि दारात येईल त्या प्रत्येकाला घेणाऱ्या शाळेचा निकाल एका तराजूत घालता येत नाही. उत्कृष्ट शाळेत शिक्षक मन लावून शिकवतात, याबद्दल शंकाच नाही. पण नववीच्या पहिल्या दिवशी तिथे बसलेलं मूल आणि ब शाळेत बसलेलं मूल यांच्यात दोन-तीन इयत्तांचं अंतर असू शकतं. ते अंतर शाळेने पाडलेलं नसतं.

सुदामानगर | 12 जून 2025, सकाळी 7:50

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. टक्का कमी तो कमी. मुलीचं आयुष्य प्रयोगासाठी नाही. नव्वद टक्के मुलं पास होणाऱ्या शाळेत घाला, संगत चांगली मिळेल. बाकी सगळं बोलायला बरं असतं.

खडूफळा | 12 जून 2025, दुपारी 3:30

मी शासकीय शाळेत शिकवते, दहावीला गणित. 19 वर्षं झाली. सुदामानगर दादा, तुमची काळजी खरी आहे, म्हणून तुमच्याच प्रश्नाला आधी उत्तर देते.

मृद्गंध ताई, दोन्ही शाळांत जा आणि एकच गोष्ट विचारा. यंदा दहावीला बसलेली मुलं ज्या वर्षी नववीत होती, त्या वर्षी नववीच्या पटावर किती नावं होती?

समजा दोन्ही शाळांत नववीत 120 मुलं होती. अ शाळेने त्यातली 80 दहावीच्या परीक्षेपर्यंत नेली आणि 72 पास झाली. निकाल 90 टक्के. ब शाळेने 110 नेली, 74 पास झाली. निकाल 67 टक्के. फ्लेक्स अ च्या गेटवर लागणार. पण नववीत आलेल्या 120 मुलांतून अ मधली 72 दहावी पास झाली आणि ब मधली 74. उरलेली 40 मुलं अ शाळेच्या कुठल्याच टक्क्यात नाहीत. काही नववीत नापास होऊन घरी बसली, काहींना 'बाहेरून फॉर्म भर' असं सांगितलं गेलं.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या शाळांचे नाहीत. पण ही रीत मी जवळून पाहिली आहे. आपल्या मध्य प्रदेश मंडळात नियमित आणि स्वाध्यायी (म्हणजे बाहेरून बसणारे) असे दोन प्रकारचे परीक्षार्थी असतात. पेपरात मोठ्या अक्षरात छापून येतो तो नियमित मुलांचा निकाल. कच्चं मूल नियमितमधून निघून स्वाध्यायी झालं की शाळेचा टक्का सुधारतो, मुलाचं काहीच सुधारत नाही. त्याला तर आता शिकवणारंही कुणी उरत नाही.

नववी ही आमच्याकडची खरी चाळणी आहे. आठवीपर्यंत मुलं पुढे सरकत येतात. पाचवी-आठवीची बोर्डासारखी परीक्षा काही वर्षांपूर्वी पुन्हा सुरू झाली, त्याने थोडा फरक पडतोय, पण नववीत भागाकार न येणारी मुलं मला आजही भेटतात. आणि नववीत येतं कोण हेही बघा. जवळपासच्या माध्यमिक (आपल्याकडे सहावी ते आठवीच्या) शाळांतली मुलं, गावाकडून आई-बापासोबत शहरात आलेली मुलं आणि आता दर वर्षी वाढत चाललेली तिसरी तुकडी, आरटीई संपलेली मुलं. तुमच्या ताईंच्या मुलीसारखी. या मुलांना फोटोसिंथेसिस माहीत असतं, प्रकाश-संश्लेषण नसतं. पहिले तीन महिने ती वर्गात गप्प बसतात आणि शिक्षक समजतात की मूल मंद आहे. मीही एकदा असं समजले होते. त्या मुलीने छमाहीला वहीच्या मागच्या पानावर सगळी उदाहरणं इंग्रजीत सोडवलेली मला दिसली तेव्हा मला रडू आलं.

संगतीबद्दल एवढंच सांगते की माझ्या वर्गातली बरीच मुलं सकाळी सियागंजात किंवा मंडीत काम करून दुपारी शाळेत येतात. त्यांची संगत वाईट नसते हो.

मृद्गंध | 12 जून 2025, सायंकाळी 6:10

खडूफळा ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नववीचा आकडा मला सांगतील का पण? मी तर पालकही नाही.

खडूफळा | 12 जून 2025, रात्री 8:45

ताईंना सोबत न्या, त्या पालक होणार आहेत. नववी-दहावीचा पट प्रत्येक शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमध्ये असतो आणि निकालाचा तक्ता प्राचार्यांकडे असतोच. शिवाय शाळेची व्यवस्थापन आणि विकास समिती असते, तीत पालक सदस्य असतात. त्यातल्या एखाद्या पालकाला भेटलात तर ऑफिसात जाण्याआधीच अर्धी माहिती मिळेल.

ईशान्या | 12 जून 2025, रात्री 9:30

घरबसल्याही बरंच दिसतं. प्रत्येक शाळेचा 11 आकडी यूडायस कोड, म्हणजे सरकारी माहिती-नोंदीतला क्रमांक, असतो, आपल्या राज्याचा 23 ने सुरू होतो. तो शाळेच्या फलकावर किंवा जुन्या गुणपत्रिकेवर सापडेल. यूडायस प्लसच्या साइटवर कोड टाकला की शाळेचं पत्रक उघडतं: इयत्तावार मुलं-मुली, अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, सामान्य, शिक्षक किती, खोल्या, प्रयोगशाळा, वाचनालय, मुलींची स्वच्छतागृहं.

एक धोका मात्र सांगून ठेवते, कारण मी या आकड्यांचंच काम करते. गेल्या काही वर्षांत पट घसरलेला दिसला तर लगेच 'मुलं शाळा सोडून गेली' असं म्हणू नका. 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद नावानिशी भरली जाते. आधी शाळा फक्त बेरीज भरायच्या, त्यामुळे एकच मूल दोन शाळांत मोजलं जायचं. देशभराचा पट 2021-22 ला सुमारे 26 कोटी 52 लाख होता, 2023-24 ला सुमारे 24 कोटी 80 लाख. या घटीतला काही भाग दुबार नावं गेल्याचा आहे, काही खरोखर शाळेबाहेर गेलेल्या मुलांचा. एकट्या शाळेत कुठला किती हे रजिस्टर उघडल्याशिवाय कळत नाही.

दुसरं, शिक्षक आणि मुलं यांचं प्रमाण. नव्या शिक्षण धोरणात 30 मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, आणि वंचित घरांतली मुलं जास्त असतील तिथे 25 मागे एक. पत्रकावर प्रमाण छान दिसू शकतं आणि तरी शाळेत गणिताचा शिक्षक नसू शकतो, कारण भाषेचे तीन आणि गणिताचा शून्य असं वाटप झालेलं असतं. म्हणून विषयवार विचारा. गणित, विज्ञान, इंग्रजी. कायम कोण, अतिथी शिक्षक कोण, आणि अतिथी कुठल्या महिन्यात रुजू होतात.

लोकमान्यनगरी | 12 जून 2025, रात्री 10:02

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. माझ्या भाचीच्या शाळेत विज्ञानाच्या बाई दिवाळीच्या तोंडावर आल्या होत्या.

मालवामिलवाला | 13 जून 2025, सकाळी 6:40

मी 71 वर्षांचा आहे. 'कशी मुलं येतात' या वाक्यावर मला लिहायचं आहे.

माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो. मी ज्या शासकीय शाळेत शिकलो तिथे मिलमधल्या प्रत्येक भाषेची मुलं होती, मराठी, मालवी, उत्तर प्रदेशातून आलेली भैया मंडळींची. मास्तर दारात येऊन चौकशी करायचे. गरीब आम्हीही होतो, पण दर महिन्याला पगार यायचा, घर हलत नव्हतं, आणि मूल पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत राहायचं. 1991 साली मिल बंद पडली. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, पण धाकट्या भावाच्या मुलांच्या वयाची मुलं एकेक करून शाळेतून गेली. कुणी हातगाडी लावली, कुणाचं घरच गावी परतलं. मजुरांना थकलेले पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. तोवर त्या मुलांची मुलं शाळेच्या वयाची होऊन गेली होती.

शाळा तीच, इमारत तीच, काही मास्तरही तेच. निकाल मात्र घसरला आणि लोक म्हणू लागले, शाळा बिघडली. शाळा बिघडली नव्हती, घरं मोडली होती. आता तिथे झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची मुलं येतात, बाप बांधकामावर. बांधकाम संपलं की घर हलतं. त्यांचा भगोरिया सण होळीच्या आधीच्या आठवड्यात येतो आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. सगळं घर गावी निघालं की मुलीला मागे ठेवायचं कुणाकडे? हा प्रश्न टक्क्यात दिसत नाही.

आणि आपल्या मराठी माणसांनी हेही मनाशी धरावं की मल्हाराश्रम, अहिल्याश्रम या शाळांची नावं ज्यांच्या घरात आदराने घेतली जायची, त्यांची नातवंडं आज शासकीय शाळेत नाहीत. आम्हीच तिथून निघालो. माझीही मुलं नव्हती. जो पालक प्राचार्यांच्या टेबलासमोर बसून प्रश्न विचारू शकत होता तो आधी गेला. मागे राहिलेल्या पालकाची त्या वेळेची मजुरी बुडते.

प्राजक्त | 13 जून 2025, सकाळी 8:20

काका, नमस्कार करते तुम्हाला.

सुदामानगर | 13 जून 2025, सकाळी 9:15

मालवामिलवाले काका, वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पण एक शंका राहतेच, आणि ती प्रामाणिकपणे विचारतो. घरची परिस्थिती हे कारण एकदा मान्य केलं की शाळेला काही विचारायचंच नाही का? मग सगळ्याच शाळा म्हणतील, आमची मुलं अशी आहेत.

खडूफळा | 13 जून 2025, दुपारी 4:05

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. 'आमच्याकडे येणारी मुलंच अशी' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये जितक्यांदा ऐकलंय तितकं बाहेर ऐकलेलं नाही. न शिकवण्याची ती सगळ्यात सोपी सबब आहे. त्यामुळे तुलना करायची ती सारख्या घरांतली मुलं असलेल्या दोन शाळांची करा. दोन्हीकडे मजुरांची मुलं, दोन्हीकडे निम्मी मुलं पहिल्या पिढीची शिकणारी, आणि तरी एकीत गणितात मुलं पास होतात, दुसरीत होत नाहीत. तिथे शाळेलाच विचारायचं.

मुली-मुलांचा निकालही वेगळा मागा. मुलींचा निकाल बहुतेक वर चढलेला असतो, पण त्याला एक दुखरं कारणही आहे. घरात एकाचीच फी परवडत असेल तर मुलगा खासगीत जातो आणि मुलगी आमच्याकडे येते, मग ती हुशार का असेना. कित्येक वर्षं माझ्या वर्गात पहिल्या पाचांत मुलीच आहेत आणि त्यांचे भाऊ खासगीत आहेत.

श्रेण्याही बघा. 33 टक्क्यांवर पास झालेलं मूल आणि 60 च्या वर प्रथम श्रेणीत आलेलं मूल दोघंही पासच्या टक्क्यात सारखीच मोजली जातात. विषयवार नापास किती, विशेषतः गणित आणि इंग्रजी, हे सापडलं तर शाळेची नाडी कळते.

ईशान्या | 13 जून 2025, सायंकाळी 5:50

वर्षांची तुलना करतानाही जपून. दहावीचा राज्याचा निकाल बघा: 2020 ला 62.84 टक्के, 2021 ला कोविडमुळे परीक्षाच नाही म्हणून 100, 2022 ला 59.54, 2023 ला 63.29, 2024 ला 58.10 आणि यंदा 76.22. एका वर्षात राज्यच 18 टक्क्यांनी वर गेलं. एखादी शाळा यंदा 'आम्ही 12 टक्क्यांनी सुधारलो' म्हणत असेल तर ती खरं म्हणजे राज्याच्या मागे पडली. शाळेचा टक्का एकटा वाचू नका, त्या वर्षीच्या राज्याच्या टक्क्यापासून किती वर किंवा खाली ते वाचा.

यंदा पुरवणी परीक्षेच्या जागी जूनमध्ये दुसरी परीक्षा आहे, त्यामुळे शाळा सांगते तो आकडा मेचा की दोन्ही मिळून, हेही विचारा. आणि दहावीला जेमतेम 30 मुलं बसणारी शाळा असेल तर एका मुलाने टक्का 3 ने हलतो. तीन वर्षं एकत्र धरल्याशिवाय बोलू नये.

दूरदेशीचाइंदुरी | 14 जून 2025, पहाटे 4:30

हा धागा इथून, टेक्सासमधून वाचतोय. मी राजेंद्रनगरचा. खडूफळा ताईंनी नववीचा पट मोजायला सांगितला आणि मला चकित व्हायला झालं, कारण इथे नेमकी तीच रीत आहे.

इथलं पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूल नववी ते बारावी असतं. पूर्वी प्रत्येक राज्य पास होण्याचं प्रमाण आपापल्या पद्धतीने काढायचं आणि गळालेली मुलं हिशोबातूनच गायब व्हायची. 2008 मध्ये केंद्राने नियम केला: नववीत पहिल्यांदा आलेली सगळी मुलं एक तुकडी धरायची, बदलून आलेली त्यात मिळवायची, दुसऱ्या शाळेत गेल्याचा कागद असेल तीच वजा करायची, आणि चार वर्षांनी किती जणांच्या हाती डिप्लोमा आला ते सांगायचं. कागद नसेल तर ते मूल शाळेच्याच खात्यावर राहतं. तुमच्या टी.सी.च्या (शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या) नोंदीवरून हा हिशोब इंदुरातही करता येईल. ज्या मुलाने टी.सी. नेली ते वजा करा. ज्याने नेली नाही आणि जे वर्गातही नाही, त्याच्याबद्दल विचारा.

दुसरं, 2002 च्या कायद्यापासून इथे शाळेचा निकाल गटागटाने छापावा लागतो: वंश, गरीब घरांतली मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी, अपंग मुलं. 2015 चा नवा कायदा आला तरी हे टिकलं. सरासरीच्या आड कुणी लपू नये हा हेतू. गरिबी मोजायला शाळेतल्या मोफत जेवणाचा आकडा वापरतात, घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, 185 पर्यंत सवलतीत. आता गरीब वस्तीतल्या बऱ्याच शाळा सगळ्यांनाच मोफत जेवण देतात, त्यामुळे तो आकडाही पूर्वीसारखा बोलत नाही.

तरीही लोक काय करतात? घर घेताना साइटवरचे शाळेचे गुण बघतात. मीही पाहिले. पुढे कळलं की नुसत्या परीक्षेच्या गुणांवर काढलेला क्रम बराचसा आई-वडिलांच्या उत्पन्नाचाच क्रम असतो. 1966 च्या कोलमन अहवालाने लाखो मुलांच्या पाहणीतून हेच दाखवलं होतं की मुलांच्या गुणांतला मोठा फरक घरातून येतो. म्हणून आता बऱ्याच राज्यांत मूल वर्षभरात किती पुढे सरकलं हेही मोजतात. माझ्या मुलाच्या शाळेचे गुण मध्यम आहेत, तिथली निम्म्याहून जास्त मुलं घरी स्पॅनिश बोलतात, आणि त्याच्या गणिताच्या बाईंसारखी शिक्षिका मी आयुष्यात पाहिली नाही.

प्राजक्त | 14 जून 2025, सकाळी 9:40

थोडं विषयांतर. मंडळात तिसरी भाषा म्हणून मराठी घेता येते ना अजून? ब शाळेत शिक्षक आहे का बघा. ताईंची मुलगी निमाडी बोलणारी, तिला मराठी अवघड जाणार नाही.

मालवामिलवाला | 14 जून 2025, सकाळी 10:30

मंडळात विषय आहे. शाळेत शिक्षक हवा ना. मुलगी संस्कृत घेईल, घेऊ द्या. आधी तिचं गणित सांभाळा.

मृद्गंध | 17 जून 2025, रात्री 9:15

काल शाळा उघडल्या. ताई एका दिवसाची सुट्टी घेऊन आल्या आणि आम्ही तिघी दोन्हीकडे जाऊन आलो. सगळं लिहिते.

अ शाळेत आमच्याशी नीट बोलले, इमारत रंगवलेली, संगणकाची खोली आहे. नववीचा दोन वर्षांपूर्वीचा पट विचारला तेव्हा तिथल्या बाबूंनी विचारलं, 'हे कशाला हवंय?' मी म्हटलं, मुलीला घालायचं आहे. ते म्हणाले, निकाल बघा ना, बाहेर लावलाय. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी रजिस्टर काढलं. आम्ही उभ्याउभ्याच मोजलं. नववीतल्या नावांपैकी बरीचशी दहावीच्या यादीत नव्हती, आणि त्या नावांपुढे टी.सी.ची नोंदही नव्हती. मी काही बोलले नाही. ताईंना आकडे फारसे कळत नाहीत, पण त्यांनी विचारलं, 'मग ही मुलं गेली कुठं?' बाबूंकडे उत्तर नव्हतं.

ब शाळेत छत एका खोलीत गळतंय. मुलींचं स्वच्छतागृह आहे, पाणीही आहे, मी आत जाऊन पाहिलं. प्राचार्य बाईंनी स्वतः रजिस्टर समोर ठेवलं. गळती तिथेही आहे, पण बहुतेक नावांपुढे पेन्सिलीने लिहिलेलं: बडवानीला परत, लग्न, काम, दुसरी शाळा. 'लग्न' हा शब्द दोन ठिकाणी होता. बाई म्हणाल्या की त्या दोन्ही घरी त्या गेल्या होत्या, एक मुलगी परत आणली, दुसरी आणता आली नाही. नापास झालेल्यांना त्या राज्य ओपन स्कूलच्या 'रुक जाना नहीं' योजनेतून पुन्हा परीक्षेला बसवत आल्या. ती मुलं शाळेच्या निकालात धरली जात नसत, तरी फॉर्म त्या स्वतः भरून घेत. गणिताचं पद मात्र रिकामं आहे. अतिथी शिक्षक येईपर्यंत विज्ञानाचे सर गणित घेतात. हे त्यांनी आम्ही विचारण्याआधी सांगितलं.

निकाल विषयवार मागितला. गणितातच सगळ्यात जास्त मुलं अडकलेली, इंग्रजी त्याखालोखाल. भाषा आणि सामाजिक विज्ञान बरं.

बाहेर आल्यावर मी मुलीला विचारलं. मला वाटलं होतं ती संगणकाच्या खोलीबद्दल बोलेल. ती म्हणाली, 'दुसऱ्या शाळेतल्या मॅडमनी माझं नाव विचारलं.' पहिल्या शाळेत आम्ही अर्धा तास होतो, तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. मीही तिथे तिच्याबद्दल 'ही मुलगी' असंच बोलत होते.

ब ठरलं. गणिताची भीती मला अजून वाटते, लपवत नाही.

अडचण एकच, जुन्या खासगी शाळेने टी.सी. अडवून ठेवली आहे, आठवीची कसली तरी राहिलेली रक्कम दाखवतायत. आणि समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदीत, वडिलांचं नाव वेगळं लिहिलं गेलंय.

सुदामानगर | 17 जून 2025, रात्री 10:05

मृद्गंध ताई, समग्रचं दुरुस्तीचं काम माझ्याकडे सोपवा. आमच्या झोन ऑफिसात मी सकाळी जातो, आधार आणि मार्कशीटची प्रत लागेल. टी.सी.साठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी मागू नका. आरटीईच्या मुलीकडून फी घेता येत नाही, हे अर्जातच लिहा. रक्कम कसली ते लेखी मागितलं की बहुतेक ती नाहीशी होते. मी सोबत येतो.

मी पहिल्या दिवशी अ शाळा सांगितली होती. तुम्ही रजिस्टर उघडायला लावलंत ते फार बरं केलंत.

ईशान्या | 18 जून 2025, सकाळी 8:10

प्राचार्य बाईंची ती पेन्सिलीची नोंद कुठल्याच पोर्टलवर भरायला जागा नाही. मी इतकी वर्षं आकडे बघते, शाळेबद्दल याहून जास्त सांगणारा रकाना मला माहीत नाही.

खडूफळा | 18 जून 2025, दुपारी 3:50

गणिताची काळजी आपण वाटून घेऊ. विज्ञान आणि गणिताची एनसीईआरटीची पुस्तकं हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतात, धडे आणि उदाहरणांचे क्रम तेच. दोन्ही समोरासमोर ठेवून तिला वाचू द्या. एक वही करा, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे हिंदी. दिवाळीपर्यंत ती वही तिला लागणार नाही, असं मी बऱ्याच मुलींच्या बाबतीत पाहिलंय. आणि पहिल्या चाचणीत ती उत्तर इंग्रजीत लिहील, तेव्हा विज्ञानाच्या सरांना आधीच सांगून ठेवा.

मी रविवारी सकाळी रामबागेत आईकडे असते. 10 वाजता तिला पाठवा. तिच्या वर्गातली आणखी कुणी येणार असेल तर तिलाही घेऊन येऊ दे, अंगण मोठं आहे.

मृद्गंध | 21 जून 2025, सायंकाळी 7:30

टी.सी. मिळाली. लेखी अर्ज दिल्यावर रक्कम खरोखरच नाहीशी झाली. समग्रचं नाव सुदामानगर दादांनी दुरुस्त करून आणलं.

उद्या 10 वाजता ती येते आहे, खडूफळा ताई. सोबत तिघी आहेत, त्यातली एक बडवानीची, पुढच्या महिन्यात तिचं घर हलणार आहे असं म्हणते. तिलाही येऊ देऊ ना?

खडूफळा | 21 जून 2025, सायंकाळी 7:42

येऊ द्या. घर हलेपर्यंत तरी शिकेल.